मरोळचा कान

गाडी आवाज करते म्हणून तुम्ही धुरीकाकांकडे गेलात, तर ते गाडीकडे बघायचेसुद्धा नाहीत. तुमच्याकडे बघायचे, वरून खाली, एकदाच. मग म्हणायचे, "आधी तोंडान करून दाखय."

म्हणजे गाडीचा आवाज आपण तोंडाने काढायचा. मरोळच्या आमच्या सोसायटीत बँकेचे दोन ऑफिसर, दातांचे एक डॉक्टर, संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक आणि मी, इतक्या शिकल्यासवरल्या माणसांनी भर पार्किंगमध्ये उभं राहून 'चीं-ईं-ईं' केलेलं आहे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा तीन मजल्यांच्या खिडक्या एकदम उघडल्या. कंपाउंडवर बसलेली दोन मांजरं उडी मारून आरेच्या जंगलात गेली ती अजून परतलेली नाहीत. त्या आठवड्यात आरेत बिबट्या दिसल्याची एकही बातमी आली नाही. तो घाबरून घरी बसला होता, असं माझं मत आहे.

काका शांत. "असो नाय," म्हणाले. "ह्यो तू घाबरलंस त्येचो आवाज. गाडीचो कर."

मी पंचेचाळिशीचा माणूस, दोन मुलांचा बाप. पुन्हा केलं. या खेपेला थोडं नाकातून. काकांनी मान हलवली, पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि वर बघून हाक मारली, "गो, येतंस काय? वाऱ्यार जावया."

काकू लगेच खाली आल्या. एका हातात स्टीलची ताटली, दुसऱ्या हातात लसणाची पिशवी. काकू गाडीत बसल्याशिवाय काका कुणाचीही गाडी तपासायला निघत नसत. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. नवरा-बायकोला फुकट फिरायला मिळतंय, तेवढाच तिला वारा, असं आम्ही धरून चाललो होतो. आम्हाला दुसऱ्याच्या घरातलं सगळं कळतं, फक्त खरं काय ते सोडून.

काकांचं रूप सांगायचं तर आधी कान सांगावे लागतील, कारण बाकीचे काका त्या कानांना लटकवल्यासारखे होते. माणूस पाच फूट, पण कान सुपाएवढे. समोरून वारा आला तर काका थोडे मागे सरकत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पत्रे ठोकायच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं मेंटेनन्स फिटर. पट्टे, पुल्या, बेअरिंगं यांच्यात आयुष्य गेलं. कारखाना बंद झाला, काका घरी बसले आणि तीन-चार वर्षांत 'मरोळचा कान' म्हणून नावाला आले. मेकॅनिक नव्हेत हं. पाना हातात क्वचित घेत. कुठे दुखतंय ते सांगणार, कापाकापी दुसऱ्याने करायची. वाकोल्याहून माणसं यायची, साकीनाक्याहून यायची. बोरिवलीची एक नवरदेवाची गाडी वाटेत चिरकायला लागली म्हणून हॉलवर जायच्या आधी मरोळला आली होती. नवरदेवाने मुंडावळ्या बाजूला करून तोंडाने आवाज काढून दाखवला. लग्न तासभर उशिरा लागलं, पण डिस्कमधला खडा निघाला.

कुणी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला तर काका ऐकत नसत. म्हणायचे, "फोनात सगळ्या गाड्यांका पडसा झालेला असता." आवाजांना त्यांची नावं होती. ब्रेकचा तो उंदीर, पट्ट्याची ती टिटवी, बेअरिंगची ती करवत. आणि आवाजाला घाबरलेलं गिऱ्हाईक दिसलं की ठरलेलं वाक्य: "बोंब मारता ती गाडी बरी. गप रवता तिका भियाचा."

तर माझ्या गाडीची ती पहिली फेरी. स्टिअरिंगवर काका, अनवाणी. शेजारी काकू, मांडीवर ताटली. मागच्या सीटवर मी, माझ्याच गाडीत पाहुण्यासारखा. एसी बंद, रेडिओ बंद, माझं तोंड बंद, चारही काचा खाली. वाट ठरलेली असायची. गेटातून सरळ मिलिटरी रोडचा कोपरा, तिथून वळून एका लांबलचक कंपाउंडच्या भिंतीला लागून सावकाश. भिंतीवर आपटून गाडीचा आवाज परत गाडीत येतो. उघड्या मैदानात तो पळून जातो. हे त्यांचं शास्त्र.

काकू आपल्या लसूण सोलत होत्या. अधूनमधून घशातल्या घशात काहीतरी गुणगुणत होत्या. भिंत संपायच्या आत काकांनी ब्रेकवर नुसता पाय टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मग डोळे बारीक करून, समाधी लागल्यासारखे म्हणाले, "फुडचो डावो. उंदीर."

ब्रेकचं पॅड झिजलं की आतली पत्र्याची पट्टी डिस्कला घासते आणि चीं करते. ब्रेक जरा दाबला की गप्प होते. "ता मुद्दाम ठेवलेला असता," काका म्हणाले. "तुमच्यासारख्यांका जाग येवक."

गॅरेजमध्ये चाक काढलं. पुढचं डावं. पॅड पापडाइतकं पातळ उरलं होतं. मी काकांच्या पाया पडायला वाकलो. ते म्हणाले, "माझ्या नको, तिच्या पड. तिचा अर्धा किलो लसूण सोलून झाला."

मला वाटलं, गंमत केली.

काकांची कीर्ती कळसाला गेली ती आमचे सेक्रेटरी सहस्रबुद्धे यांच्या नव्या गाडीमुळे. सहस्रबुद्धे म्हणजे नियम. लिफ्टमध्ये कुणी शिंकलं तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागायची. त्यांची गाडी सकाळी चालू केली की आख्ख्या बिल्डिंगला उठवायची. सर्व्हिस सेंटरचा इंजिनियर लॅपटॉप घेऊन घरी आला, गाडीला वायर लावली आणि असं काहीतरी लांबलचक बदलायला सांगितलं की त्यापेक्षा सहस्रबुद्ध्यांनी स्वतःचे गुडघे बदलून घेतलेले बरे.

काका बनियनवर खाली आले. बॉनेट उघडायला लावलं, गाडी चालू ठेवली. काकू बॉनेटपाशी नुसत्या उभ्या. काकांनी प्यायच्या पाण्याची बाटली घेतली, बुचाला भोक पाडलं आणि फिरत्या पट्ट्यावर बारीक धार सोडली. आवाज गपकन बंद. काकूंनी डोक्यावर पदर घेतला. काका बाटली खाली ठेवून इंजिनियरला म्हणाले, "पट्टो. टिटवी. तुझ्या लॅपटॉपाक तहान लागली तर उरलेला पाणी त्येका घाल."

अर्ध्या मिनिटात पट्टा सुकला आणि आवाज पुन्हा सुरू. इंजिनियरने लॅपटॉप मिटला. त्या संध्याकाळी सहस्रबुद्ध्यांनी फळ्यावर काकांच्या अभिनंदनाची सूचना लावली. सोसायटीच्या इतिहासातली ही एकमेव सूचना, जिच्यात 'अन्यथा' हा शब्द नव्हता.

पुढच्या वर्षी काकांच्या मुलीचं मुलुंडला बाळंतपण होतं म्हणून काकू दोन महिने तिकडे गेल्या. आणि मरोळचा कान बंद पडला. गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला नवीन कारण. अमावस्या आहे. कान बसलाय. मंगळवारी मी कान लावत नाय. वाकोल्याचा एक माणूस चार वेळा आला आणि चार वेळा परत गेला.

नेमकी माझी गाडी तेव्हाच पुन्हा चिरकायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी आईला डोळ्याच्या ऑपरेशनला घाटकोपरला न्यायचं होतं. मी काकांच्या दारात जाऊन बसलो आणि हललोच नाही. शेवटी ते उठले. चपला काढल्या. आणि काय केलं असेल, तर स्वयंपाकघरातून ती स्टीलची ताटली आणून शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवली.

गाडी भिंतीला लागली. आवाज असा, की आरेतल्या म्हशींनी दूध आखडून घ्यावं. शेजारून जाणारा रिक्षावाला रिक्षा जवळ आणून म्हणाला, "अंकल, गाड़ी रो रही है आपकी."

काका रस्त्याकडे बघत नव्हते. रिकाम्या ताटलीकडे बघायचे, मग आरशातून माझ्या चेहऱ्याकडे. पुन्हा ताटली, पुन्हा मी.

"आता येता काय?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, परीक्षा घेतायत. "काका, रिक्षावाल्याला ऐकू आला."

काकांनी गाडी भिंतीला लावून बंद केली. थोडा वेळ स्टिअरिंगवरून हात फिरवत बसले.

"बत्तीस वर्सा प्रेस धाड धाड करी," ते म्हणाले. "कानात कापूस घालूचो, पण कापसान काय होता? बारीक आवाज सगळे गेले. कुकराची शिटी गेली, दाराची बेल गेली, पाखरा गेली. तू बोलतंस ता येता. जाडे आवाज रवले. पण चीं केलेला काय माका येणा नाय, झिला. एकव गाडी मी कधी ऐकूक नाय."

मी मागे बसून आ वासला होता. 'मरोळचा कान' नावाच्या माणसाला गाडीची किंचाळी ऐकूच येत नव्हती. ऐकायच्या त्या काकू. काकांना यंत्राचं ज्ञान, काकूंना कान. दोघांचं मिळून एक माणूस होत होतं, आणि त्या माणसाचं नाव आम्ही फक्त नवऱ्याला देऊन मोकळे झालो होतो.

ताटली म्हणजे गाडी. सोललेली पाकळी ताटलीच्या पुढच्या डाव्या कडेला ठेवली की आवाज पुढच्या डाव्या चाकाचा. मागे उजवीकडे ठेवली की मागचा उजवा. मधोमध पुढे ठेवली की इंजिन. ब्रेकवर पाय टेकवल्यावर आवाज थांबला की काकू पाकळीवर अंगठा धरायच्या. घशातलं गुणगुणणं म्हणजे तोच आवाज, काकांना ऐकू येईल इतका जाडा करून. बॉनेटपाशी उभ्या असताना पदर डोक्यावर घेतला की आवाज बंद झाला. आणि आम्हा सगळ्यांना तोंडाने 'चीं' करायला लावायचे, त्यातलं काकांना निम्मंही ऐकू येत नसे. ते बघत बसायचे. माणूस आवाजाची नक्कल करताना मान कुठल्या बाजूला वळवतो, श्वास कधी तोडतो, ते.

"मग काकूंचंच नाव का नाही सांगत?" मी विचारलं.

"तिका मी सांगितलेलंय. ती म्हणता, माका नको, लोक घरात गाडये घेवन येतीत." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कारखानो बंद झालो तेव्हा मी कोण होतंय? चाळीस जणांतलो एक. आता खाली उतरलंय तर लोक उठान उभे रवतत. माका दुसरा काय आसा रे मरोळात? कान आसा म्हणतत, तेवढाच. कोणाक सांगू नको."

मी शपथ घेतली. आणि ती पाळली, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं आश्चर्य आहे, कारण माझ्या पोटात चहासुद्धा टिकत नाही. त्या दिवशी काकांनी मला शेजारी बसवलं, ताटली माझ्या मांडीवर दिली. लसूण नव्हता म्हणून खिशातले शेंगदाणे घेतले. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गाडीचा आवाज नीट ऐकला. शेंगदाणा मधोमध पुढे ठेवला. काकांनी विचारलं, "एसी लावल्यार वाढता?" वाढत होता. एसीची पुली निघाली. आई वेळेवर घाटकोपरला पोचली.

काकू बाळंतपण उरकून आल्या त्या ऐन श्रावणात. आल्या आल्या पहिली गाडी सहस्रबुद्ध्यांची. आता नवी राहिली नव्हती, पण नियम नवेच होते. त्या वर्षी त्यांनी श्रावणभर सामिष वर्ज्य, असा पण केला होता आणि तो सोसायटीच्या सभेत जाहीरही केला होता. गाडी मागून किर्र-कुईं करत होती. सहस्रबुद्धे म्हणत होते, "काही नाही, जाईल आपोआप." त्यांच्या सौभाग्यवती म्हणत होत्या, "आपोआप काय जातं? काकांना दाखवू." नियमाप्रमाणे तोंडाने आवाज बाईंनी काढून दाखवला, आणि तो इतका हुबेहूब होता की मालकांना घाम फुटला. कमिटी मेंबर म्हणून साक्षीला मलाही त्यांनी गाडीत ओढलं. मागे आम्ही तिघं.

भिंत आली. प्रत्येक गतिरोधकावर मागून किर्र-कुईं. काकूंनी पाकळी उचलली. ताटलीच्या मागच्या कडेवर नेली, थांबल्या. एकदा नाकाने श्वास घेतला. आरशात सहस्रबुद्ध्यांचा चेहरा बघितला. तो सोललेल्या लसणासारखा झाला होता. आणि काकूंनी पाकळी ताटलीच्या बाहेर, लुगड्यावर ठेवली.

आवाज गाडीचा नाही, असा त्याचा अर्थ. पाकळी ताटलीबाहेर पडलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. काकाही. त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी शांतपणे पाकळी उचलून ताटलीत मागे उजवीकडे ठेवली आणि उगाच जरा जास्तच गुणगुणल्या.

"मागचो उजवो," काका म्हणाले. "आज गाडी माझ्याकडे ठेवा. वहिनी, तुम्ही घराक जावा."

बाई वर गेल्यावर काकांनी डिकी उघडली. मागच्या सीटच्या पाठीला टेकून, जाजमाखाली, थर्माकोलचा एक खोका अडकलेला. प्रत्येक धक्क्याला तो प्लास्टिकवर घासून किंचाळत होता. आत मासे नव्हते. मासे रविवारी खारदांड्याहून येऊन, कुठल्यातरी मित्राच्या घरी शिजून, पोटात गेलेले होते. उरला होता वास. खोका टाकायचा तर वॉचमनसमोरून न्यायला हवा, आणि वॉचमनच्या डोक्यावर सहस्रबुद्ध्यांच्याच सहीची सूचना होती, वासाच्या वस्तूंबद्दल.

काकूंनी खोका उचलला, पदराखाली घेतला आणि वर नेला. पुढच्या महिन्यात त्यांच्या खिडकीत त्या खोक्यात अळू डोलत होतं. सहस्रबुद्ध्यांच्या बाल्कनीच्या बरोबर समोर. त्या दिवसापासून सहस्रबुद्धे ती बाल्कनी फारशी वापरत नसत.

दोन वर्षांपूर्वी काका-काकूंनी गावी कुडाळला जायचं ठरवलं. घर दुरुस्त झालं होतं, इथला जिना गुडघ्यांना झेपेना. निघायच्या सकाळी त्यांची जुनी चंदेरी गाडी सामानाने इतकी खच्चून भरली होती की मागची चाकं लाजून आत गेली होती. डिकीत भांडी, टपावर गाद्या, मागच्या सीटवर अळूचा खोका. आख्खी सोसायटी गेटावर. वाकोल्याचा तो चार वेळा परत गेलेला माणूसही आला होता.

काकूंना उकडू नये म्हणून काकांनी एसी लावला, गाडी चालू केली आणि गेटातून वळवायला स्टिअरिंग पूर्ण फिरवलं.

आणि गाडी किंचाळली. मी थोडं वाढवून सांगतो, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल, पण हे वाढवलेलं नाही. पट्टा, स्वच्छ पट्टा. पहिल्या मजल्यावरचं लहान मूल रडायला लागलं. वॉचमनने कानावर हात नेले आणि कुणीतरी डोळे वटारल्यावर खाली घेतले. दहा वर्षं ज्याच्यापुढे आम्ही आमच्या गाड्यांचे आवाज काढून दाखवले, त्याची स्वतःची गाडी भर गेटात टाहो फोडत होती आणि तो खिडकीतून हसून हात हलवत होता.

काकूंच्या मांडीवर ताटली होती. हात पिशवीत गेला. पाकळी बाहेर आली, ताटलीच्या वर थांबली. त्यांनी काकांकडे बघितलं, मग आम्हा सगळ्यांकडे. आणि पाकळी परत पिशवीत टाकली.

काकांनी काच आणखी खाली केली. "सहस्रबुद्धे," म्हणाले, "गाडी जुनी झाली. आवाज कसो आसा?"

हा माणूस पाण्याच्या टाकीतल्या एका थेंबावर दोन पानी पत्र लिहिणारा. खोटं बोलला तर त्याला ताप येतो.

सहस्रबुद्ध्यांनी मान तिरकी केली. नीट ऐकल्यासारखं केलं. किंचाळी चालूच होती.

"कसला आवाज?" ते म्हणाले. "गाडी चालू आहे का, हेच मी विचारणार होतो."

"मगे?" काकांची छाती फुगली. "धुरीची गाडी आसा ती."

तीस-चाळीस माणसं उभी होती. एकही हसलं नाही. वाकोल्याचा माणूस पुढे होऊन म्हणाला, "काका, झकास." गाडी बाहेर पडली आणि रस्त्याला लागली, किंचाळतच.

मी सहस्रबुद्ध्यांकडे बघितलं. ते गाडीकडे बघत हळूच म्हणाले, "त्या खोक्याच्या दिवसापासून माहीत आहे मला. जीव टांगणीला लागला होता, म्हणून मी एकेक चेहरा बघत होतो. काकांना काहीच ऐकू येत नव्हतं." मग गेटावरच्या माणसांकडे मान करून म्हणाले, "यांनाही माहीत असेल. विचारू नका."

पार मिलिटरी रोडच्या कोपऱ्यावर गाडीचे मागचे दिवे लागले. गाडी कडेला थांबली. गेटातून आपल्याला कुणी ओळखणार नाही इतक्या लांब. काका उतरले, बॉनेट वर झालं.

सहस्रबुद्ध्यांनी टाळी वाजवली. "चला, चला, आत. पाण्याची वेळ झाली." पाण्याची वेळ झाली नव्हती. पण सगळे वळले, एकदम, कवायतीसारखे, पाठ करून आत निघाले. मी शेवटी होतो. शिस्त माझ्यात मुळातच कमी, म्हणून मी एकदा मागे वळून पाहिलं.

दूर कोपऱ्यावर काका बॉनेटवर वाकले होते, हातात पाण्याची बाटली. शेजारी काकू उभ्या होत्या, मान जरा कलती. बाटलीतून धार पडली असावी, तेवढ्या लांबून दिसली नाही. काकूंनी डोक्यावर पदर घेतला.